सून सायकलवर निघाली, तर सामान किती द्यावं?



गेल्या पंधरा दिवसांत मला चौघींचे फोन आले. आधी तब्येत, मग लग्नसराई, मग तुरीचा भाव, आणि मग हळूच मूळ प्रश्न, "काहो, तुमची सून म्हणे सायकलवर अकोल्याहून संभाजीनगरला गेली?" विचारण्यात काळजी कमी आणि नवल जास्त. एकीने तर "घरात सगळं ठीक आहे ना?" असंही विचारलं. म्हणजे सून सायकलवर निघाली याचा अर्थ भांडून निघाली!

तर सगळ्यांना एकदाच सांगते. हो, गेली. भांडून नाही, आमच्याकडे अमडापूरला एक रात्र मुक्काम करून, सकाळी मंदिरात दर्शन घेऊन गेली. आणि मी तिला आधी नाही म्हटलं होतं हेही सांगून टाकते, नाहीतर मी फार पुढारलेली सासू आहे असा तुमचा समज व्हायचा.

झालं असं. तिचं माहेर अकोल्याचं. माझा मुलगा संभाजीनगरला नोकरीला, दोघं तिथेच राहतात. लग्नाआधी ती अकोल्यात सायकल चालवायची. कॉलेजला जाण्यापुरती नाही, तर रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर पन्नास-साठ किलोमीटर जाऊन येण्याइतकी. लग्न झालं आणि ती गिअरची सायकल माहेरच्या जिन्याखाली राहिली. तीन वर्षं तिच्यावर जुनी चादर होती. या दिवाळीला माहेरी गेली तेव्हा म्हणाली, सायकल घेऊन येते. आम्हाला वाटलं टेम्पोत टाकून आणेल. तर म्हणे, "चालवतच आणते ना आई. माझी मैत्रीणही येतेय सोबत. पहिला मुक्काम तुमच्याकडेच."

मी फोन यांच्या हातात दिला. यांनी माझ्याच हातात परत दिला.

नाही म्हणायला माझ्याकडे कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला रस्त्याची भीती कोणी शिकवायला नको. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ माणसं गेली. ती सकाळ आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. त्यात या दोन पोरी, सायकलवर, ट्रकांच्या बाजूने. शिवाय लोक काय म्हणतील हेही मनात होतंच, ते लपवून काय करू.

पण नाही म्हटल्यावर रात्री झोप लागेना. मला माझी सायकल आठवली. आठवी ते दहावी मी सायकलवर शाळेत गेले. काळी, चोवीस इंची, चेन सारखी पडायची. लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात ती धाकट्या भावाला दिली. मला कोणी सांगितलं नव्हतं दे म्हणून. मीच दिली, कारण आता ती कशाला लागणार? आजही तेच चाललं आहे. मानव विकास कार्यक्रमातून सरकार मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. सकाळी आमच्या रस्त्याने मुलींची रांग जाते, बघून बरं वाटतं. पण बारावी झालेली, लग्न झालेली, मुलं झालेली बाई सायकलवर दिसली तर आपण मान वळवून पाहतो. गुडघे तेच, रस्ता तोच. बदललं काय?

दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि म्हटलं, "ये. पण रस्ता मी ठरवणार."

तुम्ही म्हणाल, सायकलच्या प्रवासातलं सासूला काय कळतं? मलाही तसंच वाटलं होतं. पण आखायला बसल्यावर लक्षात आलं की हे काम आपण केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एक संघ आमच्या भागातून विहार करत गेला तेव्हा व्यवस्थेत मी होते. आज मुक्काम कुठे, उद्या आहार कुठे, कोणत्या गावात कोणाच्या घरी चौका लागेल, विहिरीचं पाणी कुठे मिळेल, सावलीची शाळा कुठे आहे, चढ कुठून सुरू होतो, ट्रकांची वर्दळ किती वाजता वाढते. रस्त्याची इतकी बारीक माहिती गाडीत बसून जाणाऱ्या पुरुषमाणसाला नसते. त्याला टोलनाका आणि चहाची टपरी तेवढी ठाऊक असते. पायी चालणाऱ्याचा रस्ता आपल्या बायकांच्या वहीत असतो. सायकलवाल्याचा रस्ता त्याच्या फार जवळचा आहे, फक्त चार-पाच पट लांब.

माझी ती जुनी वही सापडली. तूपाचे डाग पडलेली. त्यावरून आम्ही फोनवर तीन दिवस बसून आखणी केली.

अकोला ते संभाजीनगर हे अंतर आमच्या वाटेने सुमारे अडीचशे किलोमीटर. अकोल्याहून बाळापूरमार्गे खामगाव, मग खामगावहून घाट चढून अमडापूर, पुढे चिखली, देऊळगावराजा, जालना आणि संभाजीनगर. काहींनी सुचवलं, समृद्धीनेच जाऊ द्या ना, गुळगुळीत रस्ता आहे. अहो, त्यावर दुचाकीलाच बंदी आहे, सायकल तर दूरच. सायकलला जुनेच रस्ते, आणि ते बरेच आहे. गावं लागतात, माणसं दिसतात.

पहिला दिवस अकोला ते अमडापूर, ऐंशीच्या आसपास किलोमीटर. दुसरा दिवस अमडापूर ते जालना, शंभराच्या आत-बाहेर. तिसरा दिवस जालना ते संभाजीनगर, साठेक. सुनेला दोन दिवसांत करायचं होतं. तिचं म्हणणं, सायकलवाले लोक २०० किलोमीटर एका दिवसात करतात, त्याला ब्रेव्हे म्हणतात, साडेतेरा तासांची मुदत असते. करत असतील. पण ती तीन वर्षांनी सायकलवर बसत होती, आणि मुख्य म्हणजे साडेतेरा तास म्हणजे अंधार. इथे आपला नियम कामाला आला. आमच्याकडे रात्री जेवण नाही. डिसेंबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहाच्या आधी मावळतो. म्हणजे मुक्कामी पोचून, हातपाय धुऊन, दिवस असताना जेवायचं तर साडेचार-पाचच्या आत सायकल उभी राहिली पाहिजे. ताशी पंधरा किलोमीटर धरले तर शंभर किलोमीटरला साडेसहा-सात तास, वर दोन तास थांबे. सकाळी सातला निघाल्या तर बरोबर बसतं. ज्यांना वाटतं की आपले नियम प्रवासात आडवे येतात, त्यांनी हा हिशेब मांडून बघावा. रात्रीच्या महामार्गावर, पाठीमागे ट्रकचे दिवे घेऊन सायकल चालवण्यापासून आमच्या सुनेला मी नाही, चौविहाराने वाचवलं.

महिना डिसेंबरचा धरला तो उन्हामुळे. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्येकडून असतो आणि यांना जायचं होतं नैर्ऋत्येला, म्हणजे वारा पाठीशी. हे मात्र सुनेनं सांगितलं, मला सुचलं नसतं. तारीख ठरवताना पाळीचा हिशेबही केला. दोघींचा. हे लिहू की नको असा विचार केला, पण आपण बायकाच आहोत इथे. यात्रेची तारीख ठरवताना आपण जे बघतो ते इथेही बघायचं, त्यात लाजायचं काय.

आता घाटाचं. आपला जिल्हा दोन मजली आहे हे बाहेरच्यांना माहीत नसतं. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखाली, आणि चिखली, मेहकर, बुलडाणा हे घाटावर. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास आहे, बुलडाणा शहर सहाशेच्या वर. खालून वर यायचं म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कठडा चढायचा. एसटीत बसून येताना तो चढ आपल्याला कळतच नाही, फक्त गाडीचा आवाज बदलतो. सायकलवर तो पहिल्या दिवसाच्या शेवटी येणार होता, पाय दमल्यावर. म्हणून मी सांगितलं की खामगावात बारा-साडेबाराला पोचा, तासभर पूर्ण विश्रांती, मग घाट. घाटात उतरून चालावं लागलं तर चालायचं. सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा कसला? महाराज चालतच जातात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सामान.

त्या दोघी संध्याकाळी सव्वाचारला दारात आल्या. लाल चेहरे, केस धुळीनं पांढरे. मी आधी सायकलीकडे बघितलं आणि मागे बघितलं, सामानाची गाडी कुठे? नव्हतीच. कॅरिअरवर बोचकं नाही, पाठीवर सॅक नाही. सीटखाली मागे निमुळती एक पिशवी, हँडलला एक गुंडाळी, मधल्या नळ्यांच्या त्रिकोणात एक चपटी पिशवी. बस. पाठीवर सॅक घ्यायची नाही, म्हणे. पाठ भिजते, खांदे भरतात आणि सगळं वजन बैठकीवर येतं. वजन सायकलीनं वाहायचं, आपण नाही.

आणि इकडे मी दोन दिवस त्यांच्या पुढच्या प्रवासाची तयारी करून ठेवली होती. दशम्या, तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, शेव, स्टीलचे दोन डबे, स्टीलची मोठी बाटली, एक शाल, एक चादर (जालन्याला पांघरूण मिळो न मिळो), दोघींना एकेक स्वेटर, औषधांचा डबा, टॉर्च, स्लीपर, आणि संभाजीनगरच्या घरासाठी तूरडाळ. अर्धा किलोच घातली होती.

सून हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती पिशवी उचलून दुकानात घेऊन गेली. आमचं किराणा दुकान घरालाच लागून आहे. तिने पिशवी काट्यावर ठेवली. ११ किलो ४०० ग्रॅम. मग आपल्या सायकलवरच्या तिन्ही पिशव्या सोडवून ठेवल्या. ४ किलो ६५० ग्रॅम. हे काउंटरवर बसून बघत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक असतं तर पिशवीचं वजन वजा केलं असतं."

त्या साडेचार किलोत काय होतं ते मी एकेक काढून पाहिलं. सायकल चालवायचे कपडे अंगावर, त्यात बैठकीला गादी असलेली चड्डी, वरून सैल पायजमा. दुसरा एक सुती सलवार-कुर्ता, मुक्कामी घालायला आणि मंदिरात जायला. आतले कपडे दोन जोड. रात्री धुवायचे, सकाळी वाळले नाहीत तर पिशवीच्या वर बांधायचे. पातळ वाऱ्याचं जाकीट. दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा हातपंप, पंक्चरचे ठिगळ, पाना-स्क्रूड्रायव्हरची एक घडी, चेनच्या तेलाची अंगठ्याएवढी बाटली. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, मोबाइलची पॉवर बँक. नारळाच्या तेलाची डबी, टूथब्रश, साबणाचा तुकडा (अख्खी वडीसुद्धा नाही!), पट्टी आणि मलम, थोडे पैसे, आधार कार्ड. खाणं. आणि पाणी गाळायचं गाळणं, घडी करून, रुमालाएवढं.

मी विचारलं, "आणि लागलं काही तर?"

ती म्हणाली, "आई, काही लागलं तर खामगावात मिळतं, चिखलीत मिळतं, जालन्यात मिळतं. जे वाटेत मिळत नाही तेवढंच घ्यायचं. या ट्यूबचा आकार वाटेतल्या दुकानात मिळत नाही, म्हणून दोन घेतल्या. साबण मिळतो, म्हणून तुकडा."

यावर माझं मत बनलं आहे. आपण सामान भरतो ते गरजेनं नाही, भीतीनं भरतो. शाल, चादर, दुसरं स्वेटर ही माझी भीती होती, तिची थंडी नव्हती. आपण अपरिग्रहाची स्वाध्यायात चर्चा करतो, व्रत घेताना वस्तूंची मर्यादा लिहून देतो, आणि सम्मेद शिखरजीला निघताना दोन माणसांमागे पाच बॅगा नेतो. मीही नेते. गेल्या वेळी प्लॅटफॉर्मवर हमालाशी जी घासाघीस केली ती आठवली की अजून लाज वाटते. जे महाराज पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढं घेऊन हजारो किलोमीटर चालतात, त्यांच्या मागे आपण भरलेली जीप घेऊन जातो. मी काही सायकलला विहाराच्या पंक्तीला बसवत नाही. विहार ही साधना आहे आणि हा प्रवास होता. पण हलकं निघायचं कसं हे मला त्या दिवशी प्रवचनात नाही, काट्यावर कळलं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. वजनाचा एवढा बाऊ सपाट रस्त्यावर करण्याचं कारण नाही. सायकल बारा-तेरा किलोची, माणूस पंचावन्न-साठ किलोचं, त्यात चार-पाच किलो इकडेतिकडे झाले तर सपाटीला फार कळत नाही. कळतं ते घाटात, जिथे प्रत्येक किलो स्वतःच्या पायांनी वर न्यावा लागतो. आणि रात्री सायकल जिन्यावरून वर घेताना. महागड्या हलक्या सायकलीसाठी लोक लाखभर रुपये देतात असं ऐकलं. त्यापेक्षा तूरडाळ घरी ठेवावी, फुकट हलकं होतं.

शेवटी वाटाघाटी झाल्या. तिने माझ्या पिशवीतून तिळाचे आठ लाडू, चार दशम्या आणि चिक्कीचं एक पाकीट घेतलं. डबा नाही, फडक्यात बांधून. बाकी एसटीने मागून पाठवते म्हटलं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारणारच. आपल्यासारख्यांची वाटेत पंचाईत असते. पोह्यात कांदा, वडा-समोसा म्हणजे बटाटा, ढाब्यावरच्या डाळीत लसूण. उपवासाची खिचडी म्हणून विश्वासानं घ्यावी तर तिच्यातही बटाटा. त्यामुळे यांचा आधार म्हणजे केळी, शेंगदाणे, गूळ, लाडू, दशमी, आणि जिथे सांगून मिळेल तिथे साधी डाळ-पोळी. सायकल चालवताना पोटभर एकदा जेवून चालत नाही, तासा-तासाला थोडं खावं लागतं. एक मोठं केळं किंवा एक-दोन लाडू. आपलं घरचं खाणं यासाठी बाजारच्या पाकिटांपेक्षा सरस आहे, हे मी सासू म्हणून नाही, दोघींनी कबूल केलं म्हणून लिहिते. पाण्याला मीठ-साखर लागतं. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. त्यात लिंबू पिळलं की चवीला बरं.

गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. सून म्हणाली, मी दर तासाला थांबतेच, तेव्हा परत गाळून घेते. ज्या उकळलेलं पाणी घेतात त्यांना सकाळी भरून चोवीस तासांची सोय होते. ज्याचा जसा नियम तसा त्याने हिशेब करावा.

आता ज्या गोष्टीचा मला राग आला ती.

पहिल्या रात्री सुनेच्या मैत्रिणीचं डोकं खूप दुखत होतं. मला वाटलं ऊन लागलं. डिसेंबरात ऊन कसलं लागतं? विचारता विचारता कळलं, दोघींनी दिवसभरात पाणीच कमी प्यायलं. बाटल्यांत पाणी होतं, पण पिलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? एका पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक गावाला. एका बसस्थानकावर आत पाय ठेवण्याची सोय नव्हती. शेतात जावं तर तुरीच्या आड माणसं कामाला. म्हणून मग पाणीच नको. ऐंशी किलोमीटर सायकल, वर घाट, आणि पाणी नको.

इतकी आखणी केली आम्ही. वारा पाहिला, चढ पाहिला, सूर्यास्त पाहिला, ट्यूबा मोजल्या. आणि ही एक गोष्ट माझ्या वहीत असूनही मी पाहिली नाही. संघाबरोबर चालणाऱ्या श्राविकांसाठी मी तेव्हा गावोगावी हेच आधी विचारून ठेवलं होतं. ज्या घरी चौका त्या घरी बायकांची सोय. सुनेसाठी मला सुचलं नाही, कारण विहाराचं काम हे धर्माचं आणि सुनेचं हे हौसेचं, असं माझ्याच मनात होतं.

त्या रात्री साडेसातला मी फोन घेऊन बसले. चिखलीला माझी मावसबहीण. देऊळगावराजाला जाऊबाईंच्या माहेरची मंडळी. त्यांच्या पुढे, जालन्याच्या अलीकडे एक ओळखीचं घर, ज्यांना मी चार वर्षांत फोन केला नव्हता. तिन्ही ठिकाणी एकच सांगितलं. दोन मुली सायकलवर येतील, जेवायला थांबवू नका, आग्रह करू नका, फोटो काढू नका. पंधरा मिनिटं, संडास-बाथरूम, गाळलेलं पाणी, बस. देऊळगावराजाच्या वहिनींनी एवढंच विचारलं, "सायकल अंगणात घेतील की ओट्यावर?"

दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटर होऊनही दोघींची डोकी दुखली नाहीत. पाणी भरपूर प्यायल्या. (वहिनींनी आग्रह केलाच, पण एका वाटी शिऱ्यावर भागलं.)

आमच्या नात्यातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "विहाराला दार उघडणं हे पुण्य. या पोरींच्या हौसेला कशाला?" मी त्यांना उलट बोलले नाही, वयानं मोठ्या आहेत. इथे बोलते. आपल्या समाजाची घरं अकोल्यापासून संभाजीनगरपर्यंत दर वीस-पंचवीस किलोमीटरला आहेत. मंदिरं आहेत, धर्मशाळा आहेत. पर्युषणात आपण क्षमा आणि मैत्री म्हणतो, आणि घामेजलेली एक मुलगी दारात येऊन बाथरूम वापरू का विचारते तेव्हा आधी आडनाव विचारतो. हौस तर हौस. पुरुषांनी हौसेनं गाडी घेऊन गोव्याला जावं, त्यांना वाटेत कुठेही उभं राहता येतं. बाईच्या हौसेला पहिली अडचण येते ती ही. घाट, वारा, ट्रक सगळं नंतर.

आणि हौसेनं काय होतं तेही बघा. पुण्याच्या प्रीती मस्के, दोन मुलांची आई, २०२२ मध्ये पंचेचाळिशीत होत्या. त्यांनी त्या वर्षी लेह ते मनाली हा हिमालयातला रस्ता सायकलने एकटीने केला, ५५ तास १३ मिनिटांत. त्याच वर्षी कच्छमधल्या कोटेश्वरपासून अरुणाचलातल्या किबिथूपर्यंत, जवळपास चार हजार किलोमीटर, चौदा दिवसांच्या आत. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विशीत, सायकलवरून जगाला फेरी मारून आली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस, बहुतेक वाट एकटी. स्पेनमध्ये तिला लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं, तरी पुरी केली. मी या दोघींची नावं आमच्या सुनेशी जुळवत नाही. तिने अडीचशे किलोमीटर केले, तेही तीन दिवसांत, आणि तिसऱ्या दिवशी संभाजीनगरच्या अलीकडे पंक्चर काढताना रडली म्हणे. पण आपल्या घरातल्या मुलीला अशी नावं माहीत असावीत आणि ती माहेरची-सासरची वाट स्वतःच्या पायांनी एकदा तरी गेलेली असावी असं मला वाटतं. मला पन्नास वर्षं झाली, मी अमडापूर ते चिखली हा रोजचा रस्ता एसटीच्या खिडकीतूनच ओळखते.

जालन्याहून निघताना आमच्या वन्सं म्हणाल्या होत्या, इतक्या जवळ आलात तर कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांचं दर्शन घेऊनच जा. सुनेनं मला फोन लावला. तिला वाटलं मी हो म्हणेन. मी म्हटलं, आज नाही, वाकडी वाट होते, पाय दमलेत, रविवारी नवऱ्याच्या गाडीवर जा. देव काही पळून जात नाही. वन्संना माझं म्हणणं आवडलं नाही, अजून फोन आलेला नाही. येईल.

दुपारी दीडला ती घरी पोचली. मुलाने फोटो पाठवला, सायकल दारात आणि ही पायरीवर बसून माझा शेवटचा लाडू खातेय. मैत्रीण संध्याकाळच्या बसने अकोल्याला परत गेली, सायकल बसच्या डिकीत टाकून.

सुनेनं आता एक यादी करायला घेतली आहे आणि मी तिला मदत करतेय. घराचं गाव, मुख्य रस्त्यापासून अंतर, दार कोणत्या वेळी उघडं असतं, गाळलेलं पाणी मिळेल का, सायकल आत घेता येईल का. एवढंच. जेवण नाही, मुक्काम नाही, ज्यांना द्यायचा ते वेगळं. आत्तापर्यंत सहा घरं झाली. चिखलीत दोन, देऊळगावराजात एक, जालन्याच्या अलीकडे एक, जालन्यात एक आणि आमचं. खामगाव ते अमडापूर घाटाच्या वाटेवर कोणी नाही, आणि बाळापूरच्या बाजूला कोणी नाही. तिथे तुमच्यापैकी कोणाचं घर असेल, माहेर असेल, तर मला कळवा. मार्चच्या आत हवं. तिच्या मैत्रिणीच्या गटातल्या पाच जणी फेब्रुवारीत याच वाटेनं यायचं म्हणतायत, आणि त्यांतली एक आपल्या कारंजाची आहे.